'हेमाडपंती' म्हणून मोकळं होऊ नका

बीडच्या कंकालेश्वराचं रील आलं की कॅप्शन ठरलेलं: 'हेमाडपंती मंदिर, चुन्याविना बांधलेलं.' मला या शब्दाचा राग येतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. दोनशे वर्षं आधी उभ्या असलेल्या शैलीचं श्रेय मंत्र्याला कसं?

श्रेय सूत्रधाराचं. सूत्र म्हणजे दोरी. कंकालेश्वराची बाहेरची भिंत पाहा: सरळ धावतच नाही, कोपऱ्यामागून कोपरा काढत वळते. असा तारकाकृती आराखडा खुंटी आणि दोरीवर काढता येतो. उभ्या खुंटीभोवती वर्तुळ काढा. दुपारच्या आधी आणि नंतर सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकतं, ते दोन बिंदू जोडा. पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिच्यावर चौरस आखा. तोच चौरस मध्यबिंदूभोवती साडेबावीस-साडेबावीस अंशांनी तीनदा फिरवा. सोळा टोकांचा तारा तयार. कोनमापक लागत नाही, काटकोन दोरीनेच निम्मा, मग पाव करायचा.

'कम्प्युटर नसताना कसं जमलं?' हे कौतुकही मला अपमानच वाटतं. त्यांच्याकडे रीत होती, आणि ती आपल्या शाळेतल्या भूमितीच्या वहीत बसते. तरी बीडची पोरं वर्तुळं फळ्यावरच शिकतात, आणि मंदिरात फक्त सेल्फी काढतात.

पुढचं रील टाकाल तेव्हा 'हेमाडपंती' खोडा. भिंतीचे कोपरे मोजा आणि तो आकडा लिहा.