घर सुधारले म्हणून दंड?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. घर बांधताना माणूस कसा पिळून निघतो, हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक. पण घर बांधून झाल्यावरही हा पीळ सुटत नाही, ही गोष्ट वाडवडिलांच्या म्हणीत आलेली नाही. ती ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, नमुना नंबर 8 मध्ये, लिहिलेली आहे.

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातले, नसरापूरच्या शेजारचे, पुणे-सातारा हमरस्त्याचे गाव. येथील एखाद्या कुणब्याचे घर डोळ्यांपुढे आणा. भिंती मातीच्या, वर कौले. आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात पाऊस काही पाहुण्यासारखा येत नाही. तो चार महिने ठाण मांडून बसतो. दर मृगापूर्वी कौले चाळावी लागतात, दर श्रावणात एखादा कोपरा ढासळतो. शेवटी हा गृहस्थ दोन वर्षांच्या भाताचे आणि दुधाचे पैसे साठवून मातीची भिंत पाडतो, विटांची घालतो, जमिनीला कोबा करतो, सुनेसाठी आडोशाची न्हाणी बांधतो. घरातल्या बायामाणसांना वाटते, आता सुख लागले. पुढच्या फेरआकारणीत कागद येतो : घरपट्टी वाढली! गुन्हा काय? तर भिंत पडू दिली नाही!

हा कोणा ग्रामसेवकाचा खोडसाळपणा नव्हे. नियमच तसा आहे. डिसेंबर 2015 मध्ये सरकारने ग्रामपंचायतींच्या कराचे नियम बदलले. त्यापूर्वी क्षेत्रफळ पाहून घरपट्टी बसे. आता ती घराच्या भांडवली मूल्यावर बसते. जमिनीची सरकारी किंमत घ्यायची, तीत बांधकामाची किंमत मिळवायची, बांधकाम जुने असेल तर घसारा धरायचा, वापराप्रमाणे भारांक लावायचा आणि मग हजार रुपयांमागे इतके पैसे अशी पट्टी काढायची. मातीच्या घराला दर कमी, विटांच्या पक्क्या घराला जास्त आणि स्लॅबच्या घराला त्याहून जास्त.

ऐकायला हे न्यायाचे वाटते. मोठ्या घराने मोठा कर द्यावा, यात कोणाची तक्रार असणार? पण नीट पाहा. घर जुने होऊ द्या, घसारा वाढतो आणि कर उतरतो. तेच नव्याने बांधा, घसाऱ्याची सवलत गेली. मातीच्या जागी वीट आली, बांधकामाची किंमत चढली. वर्ग बदलला, दरही चढला. एका भिंतीवर तीन वेळा आकार! शिवाय हमरस्त्यामुळे जमिनीचे भाव वाढले, ते वेगळेच. ज्याने जमीन विकली त्याच्या खिशात पैसा आला. जो विकायचे नाही म्हणून घर धरून राहिला, त्याच्या वाट्याला वाढलेल्या भावातून आला फक्त वाढलेला आकार.

विलायतेत 1696 साली घराच्या खिडक्या मोजून कर बसवला होता. लोकांनी काय केले? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या आणि अंधारात राहिले. तो कर 1851 साली उठला. ज्या गोष्टीवर कर बसवावा ती गोष्ट लोक कमी करतात, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. सुधारणेवर कर बसवाल तर सुधारणा कमी होईल.

आणखी मौज अशी की एकीकडे सरकारच घर सुधारा म्हणते. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीवरच्या घरकुलास 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये ठरलेले. शौचालयास स्वच्छ भारत योजनेतून 12 हजार रुपये. ही मदत चांगलीच आहे, आम्ही तिला नावे ठेवत नाही. पण एका हाताने पक्के घर द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते पक्के झाले म्हणून दर वाढवायचा, याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात.

हा प्रश्न एका घरापुरता नाही, हे आमच्या कारागीर बांधवांस वेगळे सांगायला नको. एक घर दुरुस्तीस निघाले की गवंड्याला काम, बिगाऱ्याला रोज, सुताराला चौकटी, लोहाराला गज आणि कड्या, वीटभट्टीवाल्याला गिऱ्हाईक, टेम्पोवाल्याला खेप. समजा, एका घरधन्याने 50 हजार रुपये खर्चले. त्यातली मजुरी आठवड्याच्या बाजारात किराण्याला, कापडाला आणि पोरांच्या वह्यांना जाते. पिकाला भाव नसला, हाताला काम नसले, म्हणजे गावात पैसा हलता ठेवणारा हाच एक धंदा उरतो. बांधकाम स्वस्त केले तर व्यवहार वाढतो हे सरकारलाही पटलेले आहे; म्हणून तर सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आणला. मग जो न्याय सिमेंटच्या गोणीला, तो त्या गोणीने बांधलेल्या भिंतीला का नाही?

शहरांकडे पाहा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 च्या जानेवारीपासून मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात जो स्वतःच्या घरात राहतो त्याला 40 टक्के सवलत 1970 पासून मिळत होती; मध्ये ती काढली गेली, लोकांनी ओरड केली, 2023 साली ती परत मिळाली. त्याच पुण्यात सौर बंब, पावसाचे पाणी जिरवणे, गांडूळखत यांपैकी एक सोय केली तर 5 टक्के आणि दोन केल्या तर 10 टक्के सूट मिळते. म्हणजे घर सुधारणाऱ्याला शाबासकी देता येते, हे सरकारदरबारी ठाऊक आहे. मुंबईपुण्याला मिळाले याबद्दल आम्हांस पोटदुखी नाही. तेथेही आपलेच कष्टकरी बांधव राहतात. पण जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे गाऱ्हाणे मांडले, की वसूल रयतेच्या घामाचा आणि लाभ मात्र वरच्या वर्गांस, ते अजून जुने झाले नाही असे वाटते. जो संघटित होऊन ओरडतो त्याला सवलत. जो मुकाट्याने भरतो त्याला पावती.

कोणी म्हणेल, घरपट्टी कमी केली तर गावचे दिवे कशावर जळणार आणि नळाला पाणी कोठून येणार? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला बगल देणारा रयतेचा मित्र नव्हे. इटलीने 2020 साली घरदुरुस्तीस खर्चाच्या 110 टक्के सवलत दिली. तिजोरीवर इतका भार पडला की पुढे हात आखडावा लागला. म्हणून आमचे मागणे सरसकट माफीचे नाही. जुना कर आहे तसा द्यावा. फक्त सुधारणेमुळे होणारी वाढ एका चौवार्षिक आकारणीपुरती थांबवावी. ही सवलत स्वतः राहण्याच्या, लहान, मुंबईइतक्याच म्हणजे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना असावी. हमरस्त्यावरची हॉटेले, गोदामे आणि शहरी धनिकांचे फार्महाऊस यांना ती नको. ग्रामपंचायतीला जी तूट येईल ती राज्य सरकारने भरून द्यावी. माजी सैनिकांच्या घरांस 2020 साली करमाफी देता आली, तेव्हा मार्ग नाही असे म्हणण्यास जागा नाही.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर आपल्या हाती जे आहे ते तरी सोडू नये. नियमात दराची खालची आणि वरची मर्यादा दिलेली आहे; राहत्या घरांना खालचा दर ठेवा, असा आग्रह ग्रामसभेत धरता येतो. फेरआकारणीची यादी लागली की हरकतीची मुदत असते. ती जाऊ देऊ नका. आपला नमुना 8 चा उतारा काढा, घराचे माप, वर्ग आणि बांधकामाचे वर्ष बरोबर आहे का हे शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. पट्टी सप्टेंबरअखेर भरली तर 5 टक्के सूट मिळते, तीही सोडू नका. आणि मायबहिणींनो, ग्रामसभेस तुम्ही अवश्य जा. कारण गळक्या घराची ओल पुरुषापेक्षा तुमच्या अंगावर अधिक येते.

वरव्याच्या कुणब्याने भिंत बांधली ती ऐश करण्यासाठी नव्हे. पोरे कोरड्या जमिनीवर निजावीत, एवढ्यासाठी. त्या कोरड्या जमिनीवर दंड बसवणारा नियम ज्यांनी केला, त्यांनी एक श्रावण तरी मातीच्या घरात काढून पाहावा.