साहेबांना वेळ नाही

भाचीने पुस्तक दिलं ते एका अटीवर: खुणा हलवायच्या नाहीत. पानांच्या कडेने रंगीत चिकटपट्ट्यांची झालरच लागली होती. गुलाबी म्हणजे प्रेमाचं वाक्य, निळी म्हणजे जिथं रडू आलं ती जागा, आणि लाल म्हणजे? "मावशी, ते तुझं तुलाच कळेल." लाल पट्ट्या पुष्कळ होत्या.

पुस्तक 'किंग ऑफ ग्रीड', २०२३ सालचं. लेखिका अमेरिकन, ॲना हुआंग. 'किंग्ज ऑफ सिन' या मालिकेतला हा तिसरा भाग. ख्रिस्ती परंपरेत महापापं सात, म्हणून प्रत्येक पापाला एक पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला एक अतिश्रीमंत नायक. क्रोध झाला, गर्व झाला, आता लोभ. आपले रिपू सहाच, म्हणजे मराठीत एक भाग कमी पडला असता. पण त्यातला पहिला रिपू सगळ्याच भागांना पुरला असता, हेही खरं.

पुस्तकांवर दर आठवड्याला लिहिणाऱ्या बाईने हे वाचावं का, असा प्रश्न मलाही पडला. मग आठवलं की कॉलेजात असताना भाड्याच्या लायब्ररीतून 'मिल्स अँड बून' आणून वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचणारी मीच होते. लंडनची ती कंपनी १९०८ पासून चालू आहे. आमच्या वेळचा नायक ग्रीक असायचा, मालकीची जहाजं असायची, आणि तो लक्षाधीश असला तरी आमचं भागायचं. त्याच्याही आधी, १८१३ साली, जेन ऑस्टिनच्या डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड होतं आणि तेवढ्यावर सगळ्या आयांची झोप उडाली होती. आताच्या नायकाला किमान एक अब्ज डॉलर लागतात, म्हणजे आठ हजार कोटी रुपयांहून जास्त. महागाईने प्रेमालाही सोडलेलं नाही.

'किंग ऑफ ग्रीड'ची गंमत अशी की इथं लग्न आधीच झालेलं आहे. डॉमिनिक डेव्हनपोर्ट अनाथासारखा, परक्यांच्या घरांत वाढलेला. त्याला अक्षरं वाचायला त्रास व्हायचा आणि कॉलेजात त्याची शिकवणी घेणारी मुलगी म्हणजे अलेसांद्रा. तिच्याशी लग्न करून तो वॉल स्ट्रीटवर मोठा होतो, इतका मोठा की लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बायकोला दिलेला शब्द कामाच्या गडबडीत विसरतो. ती भांडत नाही. घर सोडते, घटस्फोटाचे कागद धाडते, माहेरच्या वळणाने ब्राझीलला जाते आणि पुढे वाळवलेल्या फुलांच्या चित्रांचं दुकान काढते. मग साहेब तिच्यामागे. या कादंबऱ्यांच्या वाचकांना नायकाचं नाक घासणं फार प्रिय असतं, आणि इथं तो ते अर्धं पुस्तकभर घासतो.

वाचता वाचता लक्षात आलं की विमानं, बंगले, हिरे यांची वर्णनं लेखिका उरकून टाकते. खरी लाळ सुटावी असा ऐवज वेगळाच आहे: ज्याचं एकेक मिनिट लाखमोलाचं आहे, असा माणूस बाजार चालू असताना फोन बाजूला ठेवून बायकोसमोर बसतो. नायक अब्जाधीश लागतो तो यासाठी. आठ तास नोकरी आणि चार तास लोकल करणारा नवरा वेळ देऊ शकला नाही तर तो परिस्थितीचा दोष. याच्याकडे ती सबबच नाही.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींवर 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्या बायका काय वाचतात यापेक्षा वाचायला बसतात म्हणजे काय करतात, हे त्यांनी पाहिलं. हातात पुस्तक आहे तोवर आई, बायको, सून यांपैकी कुणीही आत्ता घरात नाही, अशी ती पाटी असते. नायिकेला नवऱ्याचा वेळ हवा आणि वाचणारीला स्वतःचा. आमच्या आईने दुपारी दोन ते चार बाबा कदम वाचले. त्या दोन तासांत तिला चहा मागायची हिंमत आम्ही कधी केली नाही.

मालिकेचं प्रकरण तर आपल्याला शिकवायलाच नको. एका लग्नात पुढचं लग्न जुळतं. पहिल्या भागातले दांते आणि व्हिव्हियन इथं सुखी जोडपं म्हणून पाहुणचाराला हजर, आणि पुढच्या भागातली स्लोन मैत्रीण म्हणून सल्ले देते. पुस्तक संपतं, पण मांडवातून कुणी उठत नाही.

आता लाल पट्ट्यांविषयी. पहिले दोन प्रसंग मी नीट वाचले, तिसऱ्यापासून पानं चाळली. प्रसंगांत दम नाही असं नव्हे, पण सगळ्यांना सगळं इतकं उत्तम जमतं की उत्सुकता राहत नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: इथं बाईला काय हवं, हे बाई सांगते, मागते आणि त्याबद्दल तिला पुढच्या प्रकरणात क्षयरोग होत नाही. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तर अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सुटका व्हायला १९६९ उजाडलं. भाचीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग ती कुठे मिळेल?"

माझी तक्रार पैशाबद्दल आहे. डॉमिनिक पैसा करतो म्हणजे नेमका कुणाच्या खिशातून काढतो, ते लेखिका सांगत नाही. लोभ हे शीर्षकातलं पाप, आणि त्याची झळ लागते फक्त बायकोला. वॉल स्ट्रीटवरच्या माणसाच्या लोभाची झळ एका जेवणाच्या टेबलापुरती? शयनगृहाचं दार सताड उघडं टाकणारी लेखिका ऑफिसचं दार मात्र घट्ट लावून घेते. चावटपणा परवडला, हा सोवळेपणा नको.

रात्री दीड वाजता पुस्तक संपलं. परत दिलं तेव्हा भाचीने आधी पट्ट्या तपासल्या. मग सुरुवातीच्या पानांत अडकलेली गॅसच्या बिलाची पावती तिला सापडली. वाढदिवसाच्या रात्री अलेसांद्रा एकटीच वाट बघत बसते, ते पान.

"इथं का खूण केलीस?" तिने पान वरखाली वाचलं. "इथं तर काहीच होत नाही, मावशी."