प्लेटलेट्सच्या आकारावरून पुरुषांच्या लैंगिक समस्येची तीव्रता कळते का?

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घराघरात एकच प्रश्न असतो, 'प्लेटलेट्स किती आल्या?' पण सीबीसीच्या त्याच रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ असते, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेट्सचा सरासरी आकार. हा आकडा सध्या एका वेगळ्याच आजाराशी जोडला जातोय: इरेक्टाइल डिस्फंक्शन, म्हणजे संबंधांसाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा ती न टिकणं.

या दोन्हींचा संबंध काय?

ताठरता हा मुळात रक्तप्रवाहाचा मामला. मेंदूकडून इशारा मिळाला की नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं आणि नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. हेच नायट्रिक ऑक्साइड प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटण्यापासूनही रोखत असतं. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स जास्त सक्रिय असतात. म्हणून संशोधकांचा तर्क असा, की एमपीव्ही जास्त म्हणजे अस्तर बिघडल्याची खूण.

तुर्कस्तानसह काही देशांतल्या अभ्यासांमध्ये हा त्रास असलेल्या पुरुषांचा सरासरी एमपीव्ही जास्त आढळला. त्रास जितका गंभीर तितका आकडा मोठा, असंही काहींमध्ये दिसलं.

मग रिपोर्ट काढून बघावा का? नाही. हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. एकेका माणसाचे आकडे पाहिले तर निरोगी आणि रुग्ण यांची चांगलीच सरमिसळ होते. डायबेटिस आणि लठ्ठपणातही एमपीव्ही वाढतो. इतकंच काय, रक्ताचा नमुना ट्यूबमध्ये तासभर पडून राहिला तरी प्लेटलेट्स फुगतात आणि आकडा बदलतो! शिवाय त्रासाचं कारण ताणतणाव किंवा एखादं औषध असेल, तर प्लेटलेट्स काय सांगणार?

तीव्रता ठरवायला डॉक्टरांकडे याहून साधं साधन आहे. ५ प्रश्नांची प्रश्नावली, गुण ५ ते २५. २२ किंवा जास्त म्हणजे त्रास नाही, ७ किंवा कमी म्हणजे गंभीर.

तरी या संशोधनातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे बिघाड आधी लहान वाहिन्यांत जाणवतो. अनेक रुग्णांमध्ये ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या २ ते ५ वर्षं आधी सुरू झालेली असते.

आपल्याकडे मात्र चाळिशीतला माणूस ही तक्रार बायकोपासूनही लपवतो. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतला नंबर फिरवतो किंवा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणतो. गोळीने काम भागतं, बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं राहून जातं. पुढे कधी छातीत दुखलं आणि कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली, तर व्हायग्रासारखी गोळी घेतलेल्या माणसाचं बीपी धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. अशा वेळी ती गोळी घेतल्याचं डॉक्टरांना सांगणं, मग कितीही अवघडल्यासारखं वाटो, सगळ्यात आधी.