छोट्या हत्तीतली मोठी गाडी

नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट हदगावमार्गे नागपूरकडे जाते आणि दुसरी आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोली-वाशीमकडे. या दुसऱ्या वाटेवर अलीकडे उंच हँडलच्या, लांब टांगांच्या, मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावलेल्या ‘ॲडव्हेंचर’ मोटारसायकली दिसतात. त्या सगळ्याच पुण्या-हैदराबादच्या प्रवाशांच्या नसतात. काहींच्या पाटीवर एमएच-38 असते. हळदीच्या पट्ट्यातला तरुण शेतकरी, ठेकेदार किंवा शिक्षक अशी गाडी घेतो, तेव्हा गावात पहिला प्रश्न ‘कितीला पडली?’ आणि दुसरा ‘ॲव्हरेज किती?’ असा येतो. हे दोन्ही प्रश्न स्प्लेंडरला लागू पडतात, या गाडीला नाही. बाळापूरसारख्या गावात मोठी गाडी सांभाळता येईल की नाही, हे ती उघडू शकणारा माणूस किती किलोमीटरवर आहे यावरून ठरते. तो माणूस आज लांब आहे, आणि त्याचा दोष मी बाळापूरच्या मिस्त्रीला देणार नाही. दुरुस्तीची माहिती, तपासणीचे यंत्र आणि सुटे भाग कंपन्यांनी कुलूपबंद ठेवले आहेत आणि सरकारने ते कुलूप तसेच राहू दिले आहे, हे खरे कारण आहे.

पैशांचा हिशेब आधी उरकून घेऊ, कारण तो कागदावर मांडता येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या गाडीवर थेट 40 टक्के. म्हणजे सरकारच्या लेखी साडेतीनशे सीसीच्या पलीकडे चैन सुरू होते. थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दर 2022 साली ठरला, तो 75 ते 150 सीसीच्या गाडीला 714 रुपये आणि 350 सीसीच्या वरच्या गाडीला 2,804 रुपये असा. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 भरते 196 किलो, बीएमडब्ल्यूची आर 1300 जीएस 237 किलो, आणि स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास. वजन वाढले की टायर, ब्रेक पॅड, चेनसेट सगळे लवकर झिजते आणि महागही मिळते. पण ज्याने काही लाखांची गाडी घेतली, त्याला हे आकडे माहीत असतात आणि बहुधा पेलतातही. न पेलणारी गोष्ट वेगळी आहे. या गाड्यांचे पुढचे चाक सहसा 21 इंची किंवा 19 इंची असते आणि गावातल्या पंक्चरवाल्याच्या खिळ्याला टांगलेल्या ट्यूब असतात 17 आणि 18 इंचाच्या. टायर फाटला तर तो ऑर्डर देऊन मागवायचा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर तो का लागला हे वाचणारे यंत्र गावात नाही. मग छोटा हत्ती भाड्याने घ्यायचा, गाडी त्यात दोरखंडाने आवळून बांधायची आणि शोरूमला टाकून यायची. गाडी मध्यम आकाराची असेल तर नांदेडवर भागते, सात-आठशे सीसीच्या पुढची असेल तर पुणे किंवा हैदराबाद. जग फिरण्यासाठी बनवलेली गाडी मालवाहू टेम्पोत उभी राहून प्रवास करते. शिवाय निदान आणि दुरुस्ती एकाच खेपेत होईल याची खात्री नाही. पार्ट यायला लागणारे दिवस निराळे.

हा प्रकार या जातीच्या गाडीच्या जन्मकथेशी विसंगत आहे. बीएमडब्ल्यूने 1980 साली आर 80 जी/एस बाजारात आणली, तिथून आजच्या मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांची परंपरा मानली जाते. पुढच्याच वर्षी याच गाडीवर ह्यूबेर ओरिओलने पॅरिस-डकार शर्यत जिंकली. सुमारे 800 सीसीचे ते इंजिन हवेने थंड होणारे आणि दोन्ही सिलिंडर बाजूंना बाहेर आलेले. टॅपेट सेट करायचे तर टाकी काढायची गरज नाही. बाजूचे झाकण उघडा, पाना आणि गेज घ्या, रस्त्याच्या कडेला बसून काम संपवा. चेनही नाही, शाफ्ट. लांब जाणारी गाडी कुठेतरी बिघडणारच, तेव्हा ती तिथेच उघडता आली पाहिजे, हा विचार त्या रचनेत होता. आपल्याकडे 2016 साली आलेली पहिली हिमालयन बऱ्याच अंशी त्याच विचाराची: 411 सीसी, एक सिलिंडर, हवा आणि तेलावर थंड होणारी, टॅपेट स्क्रूने सेट होणारे. बुलेटवर हात बसलेल्या मिस्त्रीला ती परकी वाटली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये तिची जागा घेणारी 450 गाडी आली. तिला रेडिएटर आहे, दोन कॅमशाफ्ट आहेत, ॲक्सिलेटरची केबल जाऊन विजेवरचा थ्रॉटल आला आहे. अशा इंजिनात टॅपेटचे काम म्हणजे ठरावीक जाडीच्या, मिलिमीटरच्या शतांशांत मोजल्या जाणाऱ्या टिकल्या बदलणे. ती नक्कीच जास्त चांगली चालते, आणि मी प्रगतीविरुद्ध गळा काढत नाही. पण चालवणाऱ्याला मिळालेला प्रत्येक फायदा दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून काहीतरी काढून घेऊन आला आहे, आणि त्या काढून घेतलेल्याची भरपाई कोणी केलेली नाही.

इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन यांनी 2004 साली लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कपर्यंत केलेली सफर अनेकांनी पाहिली असेल. गाड्या बीएमडब्ल्यूच्या, 1150 सीसीच्या. मंगोलियातल्या रस्त्यांवर त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट तुटली. गाडी ट्रकमध्ये घालून पुढे पाठवावी लागली आणि त्याने तिथेच एक रशियन बनावटीची इझ मोटारसायकल विकत घेतली. ती काही अजिंक्य नव्हती. तीही वरचेवर बंद पडली. फरक एवढाच की ती बंद पडली तर आसपासच्या माणसांना ती चालू करता येत होती. आता मंगोलियाच्या जागी कयाधूकाठची काळी जमीन आणि जुलै महिना ठेवून पाहा. पाणंदीचा चिखल चाकाला असा चिकटतो की टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरत नाही. उंचावर लावलेले पुढचे मडगार्ड अशाच चिखलासाठी असते, दिखाव्यासाठी नव्हे. म्हणजे गाडी या मातीला लायक आहे. मातीतून बाहेर आल्यावर तिचे पुढे काय, याचे उत्तर मात्र नाही.

आपल्याच इतिहासात याचा एक चोख दाखला आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने 1983 मध्ये राजदूत 350 काढली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे 30 अश्वशक्ती. त्या काळच्या रस्त्यांवर तिला तोड नव्हती. पेट्रोल फार पिते म्हणून ती पडली असे सांगतात, आणि ते खोटे नाही. पण तेवढेच सांगितले तर अर्धे सांगितल्यासारखे होईल. साध्या राजदूतवर वाढलेल्या मिस्त्रीला हे इंजिन अनोळखी होते, सुटे भाग महाग आणि दुर्मीळ होते, आणि एकदा चुकीच्या हाताने उघडलेली गाडी पुन्हा तशी चालत नसे. दशक संपता संपता ती बाजारातून गेली. आज तीच गाडी शौकिनांकडे लाखांनी विकली जाते, म्हणजे यंत्र वाईट नव्हते. याउलट बुलेट. 1955 पासून मद्रासेत बनू लागलेल्या या गाडीचे मूळ इंजिन अर्धशतक फारसे बदलले नाही. तेल गळे, किक पायावर उलटे, तरी ती तालुक्या-तालुक्यात टिकली, कारण तिच्याविषयीचे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून चेल्याकडे जायला वेळ मिळाला. आजच्या गाड्या चार-पाच वर्षांत पिढी बदलतात. नुसत्या पाहण्यातून आणि हात काळे करून शिकण्याला एवढा वेळ आता मिळणार नाही; म्हणूनच छापील, अधिकृत माहितीची गरज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा शौक आहे, ज्याला परवडतो त्याने करावा, त्यात समाजाने आणि सरकारने का पडावे? शौकाचा हिशेब मागू नये, हे मला मान्य आहे. बैलजोडीचा, शंकरपटाचा हिशेब तरी कोणी मागतो? पण शौकासाठी गाडी विकत घेणे आणि पुढची दहा वर्षे एकाच दुकानाशी बांधून घेणे, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिल्याची किंमत पावतीवर छापलेली असते, दुसऱ्याची कुठेच नसते. चाळीस टक्के कर घेणाऱ्या सरकारने तो दुसरा व्यवहार निदान उघडा व्हावा एवढे पाहावे, ही काही भीक नव्हे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. एबीएस, इंधनाचे इंजेक्शन, उत्सर्जनाची नियंत्रणे ही सुरक्षिततेची कामे आहेत. गावठी हात लागला तर जीव जाईल, प्रदूषण वाढेल, वॉरंटी संपेल. मिस्त्री गाड्या बिघडवतात हेही अनेकदा खरे असते. वायर तोडून सेन्सर बायपास करणे, टॉर्कचा पाना न वापरता नट अंदाजाने आवळणे, असे प्रकार होतात. पण हे कशामुळे होते? नट किती आवळायचा हा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि ते मॅन्युअल मिस्त्रीला मिळत नाही. सेन्सर बायपास होतो कारण त्याचा दोष सांगणारे यंत्र त्याच्याकडे नसते. माहिती न देता चुका होऊ द्यायच्या आणि मग त्या चुका माहिती न देण्याचे कारण म्हणून दाखवायच्या, असे हे वर्तुळ आहे. याच बाळापूर परिसरात ट्रॅक्टरची हायड्रॉलिक आणि हार्वेस्टरची कामे गावातल्या गावात होतात. हंगामात ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिलेला कोणालाच चालत नाही, म्हणून तिथे कौशल्य तयार झाले. मोटारसायकलसाठी तेच हात कमी पडतील असे मानायला आधार नाही. वॉरंटीचा मुद्दा तर मुदत संपेपर्यंतचाच आहे. प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा आहे.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर ही मागणी काही हवेतली नाही. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणीची साधने न मिळू देणे स्पर्धेला मारक आहे, असे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना ठणकावले आणि 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला. तो आदेश पुढे अपिलांच्या फेऱ्यांत सापडला, आणि तो होता चारचाकींपुरता. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, वाहने आणि शेतीची अवजारे ही दोन्ही क्षेत्रे तिच्या यादीत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. पण पोर्टलवर माहिती ठेवण्याची विनंती करणे आणि ती द्यायला भाग पाडणे यांत फार अंतर आहे. युरोपीय संघाने दुचाकी-तिचाकींसाठी 2013 मध्ये केलेल्या नियमावलीतच स्वतंत्र दुरुस्तीदारांना माहिती उपलब्ध करून देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे; वाजवी मोबदला घ्यावा, दडवून ठेवू नये. आपल्या सरकारनेही एप्रिल 2023 पासून दुचाकींना बिघाड स्वतः नोंदवणारी ओबीडी-2 यंत्रणा सक्तीची केली. गाडीने आपला आजार लिहून ठेवावा अशी सक्ती करता येते, तर तो वाचण्याची मुभा मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला देण्याची सक्ती करता न येण्यासारखे काय आहे? सर्व्हिस मॅन्युअल शुल्क घेऊन खुले करणे, तपासणी यंत्राचा परवाना कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला देणे, सुट्या भागांची किंमत आणि ते पोहोचायला लागणारे दिवस जाहीर करणे, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये दुचाकी दुरुस्तीच्या मुलांसमोर हे यंत्र प्रत्यक्ष ठेवणे: मागणी इतकीच आहे.

शेवटचा आक्षेप संख्येचा. बाळापूर-कळमनुरीत अशा गाड्या असून असून किती? मूठभर. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप 2019 पर्यंत बिनतोड ठरला असता. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आले, कार्ब्युरेटर गेला आणि शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्शन, सेन्सर आणि इंजिनाचा पिवळा दिवा आला. दूध घालायला पहाटे निघणाऱ्याची, शाळेवर जाणाऱ्या बाईंची, बाजाराच्या दिवशी मागे पोते बांधणाऱ्याची गाडी आता त्याच जातीची आहे. फक्त बिघाड अजून कमी आणि वॉरंटी अनेकांची चालू. वाढत चाललेल्या विजेच्या स्कूटरमध्ये तर मिस्त्रीने पान्याने सोडवावे असे फार थोडे उरले आहे. मोठ्या गाडीच्या मालकाजवळ निदान छोट्या हत्तीचे भाडे आणि आठ दिवस वाट पाहण्याची सोय असते. ज्याला सकाळी सातच्या आत कळमनुरीच्या डेअरीवर कॅन पोचवायचे असतात, त्याच्याजवळ यांतले काहीच नसते.