जवसाचे तेल आणि आमची खिडकी

गेल्या उन्हाळ्यात आमची मावशी नागपूरहून खोपोलीला आली, ती घाण्यावरून काढलेले लिटरभर जवसाचे तेल घेऊनच. जवस तिच्या घरचेच. “रोज चमचाभर भाकरीवर घ्या,” म्हणाली. आम्ही ते पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरले आणि शेगडीजवळ, खिडकीतल्या फळीवर ठेवले. दिसायला छान दिसे! पाऊस लागतो न लागतो तोच तेलाला रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला, चवही कडवट. अर्धी बाटली मोरीत ओतली. मावशीला अजून सांगितलेले नाही.

वास रंगाचा आला यात नवल नाही. जवस म्हणजेच अळशी, आणि अळशीचे तेल रंगात घालतात ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते म्हणूनच. (रंगाच्या दुकानातले ‘बेल तेल’ मात्र कुणी पोटात घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची द्रव्ये घालतात.) या तेलाचा साधारण निम्मा भाग ओमेगा ३ या स्निग्धाम्लाचा. ज्यासाठी आपण ते खातो, तेच हवेने आधी बिघडते. उजेड आणि ऊब मिळाली की आणखी लवकर. आमच्या खिडकीत तिन्ही होते.

तेव्हा तेल थोडेच आणावे, आणि एका मोठ्या बाटलीऐवजी चार लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावे. अर्ध्या बाटलीत उरलेली अर्धी हवाच असते. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या उत्तम, पण गरम पाण्याने धुऊन कडकडीत वाळवलेल्या. आपल्याकडे पावसाळ्यात तेच अवघड जाते. तपकिरी नसेल तर बाटलीला जाड कागद गुंडाळून डब्यात ठेवा. फ्रिज असला तर फारच बरे, नसला तर चुलीपासून लांबचा गार कोपरा. तांब्या-पितळेच्या भांड्यात हे तेल मुळीच ठेवू नये, ते लवकर खवटते. जुन्या तेलाच्या तळावर नवे ओतू नका, जुन्याचा खवटपणा नव्याला लागतो. तळणाला किंवा फोडणीला ते वापरूच नये.

अख्खे जवस मात्र महिनोन्‌महिने टिकते, कारण त्याचे तेल सालीच्या आत बंद असते. कोरडे ठेवावे, आठवड्यापुरते भाजून कुटावे. यंदा मावशीला आम्ही कळवले आहे, तेल नको, दोन किलो जवसच पाठव.