तीन गणवेश, एक डॉक्टर

परवा भाजीच्या पिशव्या सावरत एक मैत्रीण म्हणाली, "लेकीला डॉक्टर व्हायचंय, तेही फौजेतच! तिचे बाबा म्हणतात, मुलीच्या जातीला कशाला ते?"

मैत्रिणींनो, त्या बाबांना सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन यांचं नाव सांगायला हवं. पुण्याच्या ‘एएफएमसी’त त्या शिकल्या आणि डिसेंबर १९८५ मध्ये सैन्यदलात दाखल झाल्या. सुरुवात लष्करात, कॅप्टनपर्यंत. मग नौदलात सर्जन लेफ्टनंटपासून थेट सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल! मध्ये हवाई दलात एअर मार्शल. आपल्याकडे नुसता तालुका बदलला तरी भांडीकुंडी बांधता बांधता जीव जातो, इथे तर अख्खं दल बदललं. तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकत्र असते, म्हणून हे जमतं.

कर्करोगावरच्या किरणोपचारांच्या त्या तज्ज्ञ. त्याचं शिक्षण मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं. मुंबईचंच नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय त्यांनी सांभाळलं, ज्या कॉलेजात शिकल्या तिथेच प्रमुख होऊन आल्या. १ ऑक्टोबर २०२४ ला तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच बाई. त्याआधी ऑगस्टमध्ये, कोलकात्याच्या तरुण डॉक्टरवर झालेल्या अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी कृती दल नेमलं, त्यातही त्या होत्या.

ही वाट त्यांच्याआधी पुनीता अरोरांनी तुडवली होती. २००४ मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या, ‘एएफएमसी’च्या पहिल्या महिला प्रमुखही. पुढच्याच वर्षी नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल.

एक गोष्ट मात्र खटकते. याच कॉलेजात मुलींच्या जागा आधीच ठरवलेल्या, मुलांच्या मानाने बऱ्याच कमी. प्रमुखपदी बाई चालते, मग वर्गात मुली मोजून का घ्यायच्या? गुण मिळवताना त्या काही मोजून मिळवत नाहीत!

मैत्रिणीला म्हटलं, बाबांशी वाद नंतर घाल. आधी ‘नीट’च्या तयारीचं बघ. तिथे शिक्षणाची फी नाही, पण पुढे सैन्यदलात सेवा करण्याचं बंधन असतं, ते लेकीबरोबर बसून नीट वाचा. ती म्हणाली, "आणि बदल्या?"

म्हटलं, त्या तर आहेतच बाई.