तळे आमचे, बदक सरकारचे



हिवाळ्यात शेततळ्यावर उतरणाऱ्या रानबदकांचे काय करायचे, हा प्रश्न आता बैठकांतून निघू लागला आहे. कोणी म्हणतो, बंदुकीचे परवाने मागा. कोणी म्हणतो, शहरातले हौशी लोक शिकारीसाठी पैसे मोजायला तयार आहेत, त्यांना बसू द्या बांधावर. एखादा हळूच म्हणतो, दाण्याला औषध चोळून काठावर टाकले की काम झाले.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. बदकावर गोळी झाडू नका आणि दुसऱ्याला आपल्या बांधावरून झाडू देऊ नका. पण तळ्यावर कोणी बसावे आणि कोणाला उठवावे, हे ठरवण्याचा हक्क तळे खोदणाऱ्याचा आहे. तो हक्क सोडूही नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कशा, ते पाहू.

बदक आपले खाते काय?

तलवार बदक, थापट्या, भुवई बदक ही मंडळी थंडीच्या तोंडाला मध्य आशिया आणि सैबेरियाकडून येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. हळदीकुंकू बदक, अडई ही इथलीच. यांचे खाणे म्हणजे पाणगवत, शेवाळ, बिया, किडे, गोगलगायी. ज्वारीच्या कणसावर बदक बसू शकत नाही. कणीस फस्त करतात त्या भोरड्या, चिमण्या आणि पोपट. कपाशीला तर बदक तोंडही लावत नाही. मोठ्या धरणांच्या काठी पट्टकादंब हंस हरभरा आणि गहू चरतो हे खरे, पण एखाद्या गुंठ्यातल्या पाण्यावर त्याचे थवे क्वचितच उतरतात.

तळ्यात मत्स्यबीज सोडलेले असेल तर तिथे नुकसान होते. पण ते करतो पाणकावळा आणि बगळा. पाण्यावर सगळे एकत्र दिसतात म्हणून नाव बदकाचे होते. मासे वाचवायचे असतील तर बारीक जिऱ्याऐवजी मोठी बोटुकली सोडावी आणि पाण्यावरून आडव्या-उभ्या दोऱ्या ताणाव्यात. बदक मारून एक मासा वाचणार नाही.

बदके पाणी पितात, अशीही तक्रार आहे. हिशेब करू. ३० बाय ३० मीटरचे आणि ३ मीटर खोल, उताराच्या बाजूंचे तळे भरले की त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उन्हाने उडाले तर ४,५०० लिटर गेले. दोनशे बदके मिळून पितात ते याच्या जवळपासही जात नाही. पाण्याचा खरा चोर डोक्यावर आहे, त्याला गोळी लागत नाही.

एक नुकसान मात्र खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आजूबाजूची तळी आटली आणि एकाच तळ्यात पाणी उरले की सगळा थवा तिथेच मुक्कामाला येतो. शिटीने पाणी हिरवे होते, शेवाळ धरते आणि ठिबकच्या तोट्या बंद पडतात. ज्याने कर्ज काढून कपाशीला ठिबक बसवले त्याला हा त्रास लहान नाही. त्याच्यावर उपायही आहे, तो पुढे सांगतो.

गोळीने जाते काय?

पहिली गोष्ट, तळे जाते. अस्तराचा प्लास्टिक कागद साधारण ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. काठावरून बसल्या बदकावर काडतूस उडवले की छर्रे बदकाला लागोत न लागोत, कागदाला लागतात. कागदाची चाळण झाली की पाणी जमिनीत. साऱ्या हिवाळ्यात बदकांनी केले नाही तेवढे नुकसान एक काडतूस करून जाते. छर्रे शिशाचे असतात. शिसे तळाशी राहते आणि पाखरांच्या पोटात जाऊन त्यांना मारते, म्हणून अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना देशभर बंदी घातली.

दुसरी गोष्ट, माणूस जातो. त्याच १९९१ साली आपल्याकडे वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवाना काढून शिकार करण्याची वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या बदलल्या. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. बहुतेक बदके आता अनुसूची दोनमध्ये आहेत. मारले तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकमधला पक्षी निघाला तर ३ ते ७ वर्षे. हौशी पाहुणा गाडीत बसून शहराकडे निघून जातो. काडतुसाची टरफले आणि पिसे राहतात आपल्या बांधावर. पंचनामा कोणाच्या सातबाऱ्यावर होईल, हे सांगायला वकील लागत नाही.

तिसरी गोष्ट विषाची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना आपलीच माणसे दगावली. तेच औषध दाण्याला लावून ज्या पाण्यावर बैल येतात त्या काठावर टाकायचे? असला सल्ला देणारा शेतकऱ्याचा हितचिंतक नव्हे. काठावर मेलेले पाखरू दिसले तर हात लावू नका, खाऊ तर मुळीच नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लूने कोंबड्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

मग मालक कोण?

हे सगळे खरे असले तरी प्रश्न संपत नाही. कायदा म्हणतो, मारलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. ठीक आहे. मग जिवंत असताना तो कोणाचा? इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. शेजाऱ्याची म्हैस आपल्या ज्वारीत शिरली तर ती कोंडवाड्यात जाते आणि दंड भरतो म्हशीचा मालक. सरकारचे रानडुक्कर शिरले तर कोंडवाडा कुठे आहे? रोह्यांचा कळप रात्रीत एकर साफ करतो, त्याचा मालक दंड भरायला येतो का? येतो तो पंचनाम्याचा कागद घेऊन, आणि तोही आपण खेटे घातल्यावर.

शिकार म्हणजे काय, याची कायद्यातली व्याख्या वाचून पाहा. मारणे, विष घालणे, पकडणे, फासा लावणे यांच्या ओळीत 'हाकणे' हाही शब्द आहे. आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर उभ्या राहून गोफणीने पाखरे हाकत आल्या. त्यांनी काय शिकार केली? पीक राखणे आणि शिकार यांतला फरक ज्या कायद्याला धड सांगता येत नाही, तो दिल्लीत बसून लिहिलेला कायदा आहे.

भरतपूरचा धडा

पाण्याची राखण कोण करतो, हे समजायचे असेल तर राजस्थानातल्या भरतपूरकडे पाहा. तिथले केवलादेवचे तळे म्हणजे राजाचे शिकारीचे रान. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्याच्या पाहुण्यांनी तिथे ४,२७३ पाखरे मारली. तेव्हा ती शान होती. पुढे राज्य गेले, शिकार थांबली आणि १९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. झाल्याबरोबर सरकारने काय केले? आसपासच्या गावांच्या म्हशींना चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. ज्या तळ्यावर बड्यांच्या बंदुकीला पायघड्या होत्या, तिथे गरिबाच्या म्हशीला गोळी आडवी आली.

पुढचे ऐका. म्हशी गेल्या आणि गवत माजले. उघडे पाणी गवताखाली झाकून गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की म्हशींच्या चराईमुळेच पाणी मोकळे राहत होते, चराईबंदीने पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. गुराख्याला जे न शिकता ठाऊक होते, ते सरकारला माणसे मेल्यावर कळले. पाणी राखणाऱ्याला बाहेर काढले की पाखरूही राहत नाही.

राखणाऱ्याला मोल

अमेरिकेत बदकाची शिकार चालते, पण मोकाट नाही. हंगाम ठरलेला, दिवसाला किती मारायची तेही ठरलेले. १९३४ पासून शिकाऱ्याला सरकारी तिकीट घ्यावे लागते आणि तो पैसा पाणथळ जमिनी राखण्यावर खर्च होतो. भातशेतीत पाणी साठवणारा शेतकरी शिकाऱ्यांकडून भाडे घेतो. तिथे बदक उतरले की शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. आपल्याकडे उतरले की धास्ती मिळते.

तिथली बंदूक इथे आणा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे परवाना निघाला तर तो धनदांडग्याच्या हाती जाईल आणि शेतकरी फक्त मेलेली बदके वेचायला उरेल. आम्हाला त्यातले तत्त्व घ्यायचे आहे. ज्याच्या पाण्यावर पाखरू जगते, त्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' म्हणून सरकारने ५० हजारांपर्यंत अनुदान दिले. पण जमीन शेतकऱ्याची अडकली, वरचा खर्चही त्यानेच केला. आता त्याच तळ्यावर पाखरांची सोय झाली म्हणून शहरात कौतुक होते. कौतुकाने कागदाचे पैसे फिटत नाहीत.

आता करायचे काय?

बदके नको असतील तर थवा पहिल्यांदा उतरेल त्याच आठवड्यात उठवा. डबा वाजवा, काठाने फिरा, चमकत्या पट्ट्या आणि दोऱ्या ताणा. एकदा मुक्काम पडला की उठवणे अवघड. बाजू उभ्या ठेवा, काठावर गवत आणि दलदल होऊ देऊ नका. उथळ चिखलाशिवाय बदकाला चैन पडत नाही. ठिबकला सँड फिल्टर बसवा आणि तो वेळेवर धुवा. पाण्याचा वापर संपला असेल आणि बदके बसली असतील तर बसू द्या. आपले काही जात नाही.

आणि सरकारकडे आपल्या मागण्या या:

१. स्वतःच्या शेतातून वा तळ्यावरून इजा न करता पाखरे हुसकावणे ही शिकार नव्हे, असे कायद्यात स्पष्ट लिहा.

२. उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे. रानडुक्कर आणि रोह्यासाठी तिचा अर्ज गावात घ्या आणि पीक उभे असतानाच निकाल द्या. बिहारमध्ये १ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने हे दोन्ही प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवले गेले. बिहारला जे जमले ते महाराष्ट्राला का जमू नये?

३. जो शेतकरी तळ्यातले पाणी पाखरांसाठी राखून ठेवील, त्याला त्या पाण्याचा मोबदला द्या.

आपली खरी लढाई रानडुक्कर आणि रोह्याची आहे. उद्या कोणा एकाच्या बांधावर दहा-वीस मेलेली बदके सापडली, तर त्यांचा फोटो छापून येईल आणि सरकार म्हणेल, पाहा, यांच्या हाती अधिकार द्यायचे होते! एका काडतुसाने आपली सगळी मागणी पाण्यात जाईल. तेव्हा बांधावरच्या पाहुण्याला चहा द्या, बंदूक मात्र गाडीतच ठेवायला सांगा. या तीन मागण्यांचा ठराव आपापल्या ग्रामसभेत करून जिल्हा बैठकीला घेऊन या.